लिमिट स्विच : आत काय हलतं, एनसी कुठे आणि एनओ कुठे

वायरिंगवाला

लिमिट स्विच म्हणजे मशीनचा हलणारा भाग ठरलेल्या हद्दीला पोचला की सर्किट तोडणारा किंवा जोडणारा स्विच. होइस्टचा (क्रेनचा हूक वर-खाली नेणाऱ्या भागाचा) वरचा लिमिट एनसीच (एरवी मिटलेला, दाबला की उघडणारा) का? एनओ (एरवी उघडा, दाबला की मिटणारा) घेऊन पीएलसीत (मशीन चालवणाऱ्या कंट्रोल कॉम्प्युटरमध्ये) उलटा वाचला तर काय बिघडतं? नवीन मुलं हे विचारतात आणि बहुतेक वेळा त्यांना "पहिल्यापासून तसंच आहे" एवढंच उत्तर मिळतं. ज्या स्विचच्या भरवशावर खाली माणसं काम करतात, त्याच्या पोटात काय चालतं हे तो बसवणाऱ्याला कळलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा धागा. उदाहरण ईओटी क्रेनचं (शेडमध्ये उंचावरच्या रुळांवर धावणाऱ्या विजेच्या क्रेनचं) घेतो. फाउंड्रीपासून साखर कारखान्यापर्यंत ती सगळ्यांच्या ओळखीची आहे आणि एकाच मशीनवर लिमिटचे बरेच प्रकार भेटतात.

बाहेरचा भाग पटकन उरकतो. वर हेड असतं आणि त्यात हलणारा भाग: रोलर लिव्हर, साधा प्लंजर, रोलर प्लंजर, लांबी कमीजास्त करता येणारी दांडी, नाहीतर कुठल्याही दिशेला वाकणारी स्प्रिंगची काडी. खाली बॉडी, बॉडीत कॉन्टॅक्ट ब्लॉक आणि केबलसाठी ग्लँड. ट्रॉलीवरचा डॉग (स्विच दाबायला बसवलेला उताराचा तुकडा) येऊन रोलरला ढकलतो, लिव्हरचा शाफ्ट फिरतो, शाफ्टवरचा कॅम आतला प्लंजर दाबतो आणि प्लंजर ब्लॉकमधले कॉन्टॅक्ट हलवतो. एवढाच प्रवास. खरी गंमत शेवटच्या टप्प्यात आहे.

सप्लाय बंद करून झाकण काढा आणि प्लंजर अगदी सावकाश दाबून पाहा. सुरुवातीला थोडं अंतर काहीच होत नाही. मग एकदम 'टक्'. वाऱ्याने छत्री उलटते तशी आतली स्प्रिंग मधला बिंदू ओलांडला की स्वतःच्या जोरावर पलीकडे जाऊन पडते, अधेमधे थांबत नाही. याला स्नॅप ॲक्शन म्हणतात. कॉन्टॅक्ट किती वेगाने उघडणार हे स्प्रिंग ठरवते, डॉग किती वेगाने आला याच्याशी त्याचा संबंध नाही. ग्राइंडिंगचं टेबल मुंगीच्या पावलाने सरकत असलं तरी कॉन्टॅक्ट झटक्यातच तुटतो, ठिणगी लवकर विझते आणि कॉन्टॅक्टची चांदी कमी जळते. ही करामत १९३२ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, फ्रीपोर्ट गावच्या बर्जेस बॅटरी कंपनीत फिलिप मॅकगॉल यांनी शोधली. त्यातून 'मायक्रो स्विच' ही कंपनी निघाली आणि १९५० मध्ये ती हनीवेलने घेतली. आज आपण कुठल्याही छोट्या टकटक स्विचला मायक्रोस्विच म्हणतो ते तिथून.

आता प्लंजर तितक्याच सावकाश सोडा. परतीचा 'टक्' त्याच जागी होत नाही. प्लंजर आणखी थोडा बाहेर आल्यावर होतो. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे डिफरन्शियल. मशीन थरथरत असताना कॉन्टॅक्ट फडफडत नाही तो या अंतरामुळे. पण दोन्ही बाजूंनी येऊन एकाच जागी अचूक सिग्नल हवा असेल तर हेच अंतर आड येतं.

दुसरा प्रकार स्लो ॲक्शन. त्यात 'टक्' नाही. प्लंजर जेवढा सरकेल तेवढाच कॉन्टॅक्ट सरकतो. जिथे उघडतो तिथेच मिटतो, डिफरन्शियल जवळजवळ शून्य. तोटा उघड आहे: डॉग रेंगाळला तर कॉन्टॅक्टही अर्धवट उघडा राहून ठिणगी खात बसतो. फायदा असा की एनसी आणि एनओ यांचा क्रम ठरवून घेता येतो. आधी एनसी तुटेल आणि मग एनओ जुळेल असा ब्लॉक मिळतो. एनओ जुळल्यावर मग एनसी तुटेल असाही मिळतो, म्हणजे मधला थोडा प्रवास दोन्ही मिटलेले असतात. हा दुसरा ब्लॉक चुकून इंटरलॉकमध्ये (दोन गोष्टी एकदम चालू होऊ न देणाऱ्या सर्किटमध्ये) बसवला तर एकाच वेळी दोन्ही कॉइल भरतील, हे लक्षात ठेवा.

कॉन्टॅक्टच्या मांडणीत लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. तीन टर्मिनलचा चेंजओव्हर असतो: एक कॉमन, एक एनसी, एक एनओ. छोट्या मायक्रोस्विचमध्ये हाच. मोठ्या लिमिटमध्ये साधारण चार टर्मिनल असतात, एक एनसी जोडी आणि एक एनओ जोडी, आणि प्रत्येक जोडी पुलासारख्या पट्टीने दोन ठिकाणी एकदम तुटते. दोन जागी तुटल्याने ठिणगी वाटली जाते. नंबरांची खूण सोपी: शेवटचा आकडा १-२ असेल तर एनसी, ३-४ असेल तर एनओ. म्हणजे ११-१२, २१-२२ एनसी आणि १३-१४, २३-२४ एनओ.

चार टर्मिनलमध्येही दोन जाती आहेत आणि कॅटलॉगमध्ये त्या झेडए आणि झेडबी म्हणून दिसतात. झेडबीमध्ये दोन्ही पट्ट्या विजेच्या दृष्टीने वेगळ्या. झेडएमध्ये हलणारा भाग एकच, म्हणून एनसी आणि एनओ दोन्हींना एकाच पोलॅरिटीचा सप्लाय द्यावा लागतो. झेडए ब्लॉकच्या एनसीवर कॉन्टॅक्टरचे (कॉइलने ओढला जाऊन मोटरचा सप्लाय जोडणाऱ्या मोठ्या स्विचचे) २३० व्होल्ट आणि एनओवर पीएलसीचे २४ व्होल्ट डीसी जोडणं म्हणजे इनपुट कार्डावर पाणी सोडणं.

रेटिंग वाचताना नुसता "१० अँपिअर" बघू नका. तो आकडा बहुधा हीटरसारख्या साध्या लोडचा किंवा नुसता करंट वाहण्याचा असतो. आपण चालवतो कॉइल. त्यासाठी एसी-१५ आणि डीसी-१३ (एसी आणि डीसी कॉइलच्या लोडच्या) या ओळी बघायच्या. ए३०० वर्गाचा कॉन्टॅक्ट एसीत २४० व्होल्टला ३ अँपिअर तोडतो. क्यू३०० वर्गाचा डीसीत २५० व्होल्टला फक्त ०.२७ अँपिअर. बऱ्याच स्विचवर हे दोन्ही वर्ग शेजारी शेजारी छापलेले असतात. फरक एवढा का? ५० हर्ट्झचा एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि ठिणगीला विझायची संधी मिळते. डीसीत ती संधीच नाही, वर कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा ठिणगी पेटती ठेवते. म्हणून डीसी ब्रेकची किंवा सोलेनॉइडची कॉइल लिमिटमधून थेट तोडायची असेल तर कॉइलवर उलटा डायोड टाकाच.

आता मूळ प्रश्न. वरचा लिमिट एनसी लावून 'अप' कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या मार्गात सिरीजमध्ये घेतो. केबल तुटली, लग निघाला, टर्मिनल सैल झालं, कंट्रोलचा फ्यूज गेला, यातलं काहीही झालं तर कॉइल पडते आणि हूक थांबतो. एनओ लावला तर याच सगळ्या बिघाडांत सर्किटला वाटतं, "अजून लिमिट लागलेला नाही." हूक वर जात राहतो. एनओची केबल तुटली आहे हे कळतं ते हूक ब्लॉक ड्रमला भिडल्यावर. प्रोग्रॅममध्ये उलटा वाचून हे सुटत नाही, कारण तुटलेली वायर आणि न लागलेला लिमिट पीएलसीच्या इनपुटवर अगदी सारखेच दिसतात.

पण एनसी लावला म्हणजे झालं असंही नाही. एनसी चिकटू शकतो. त्यासाठी कॉन्टॅक्ट ब्लॉकवर वर्तुळात बाण ही खूण शोधा. आयईसी ६०९४७-५-१ या मानकाच्या के परिशिष्टात याचे नियम आहेत. खूण असलेल्या ब्लॉकमध्ये प्लंजर पूर्ण दाबला की एनसीची पट्टी मधल्या कडक भागाने प्रत्यक्ष ढकलून तोडली जाते, उघडण्याचं काम स्प्रिंगवर सोडलेलं नसतं. स्प्रिंग तुटली, कॉन्टॅक्ट थोडा वेल्ड झाला, तरी ढकलून तुटतो.

प्रश्न, अनुभव, दुरुस्त्या सगळ्यांचं स्वागत.

—

तिसरी_पाळी

उत्तम धागा. कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत क्रेन मेंटेनन्स बघतो, त्यामुळे होइस्टबद्दल भर घालतो.

वरचा लिमिट एकच असू नये. आमच्याकडे पहिला रोटरी गिअर्ड लिमिट, ड्रमच्या शाफ्टला जोडलेला. आत वर्म आणि कॅम, ड्रमचे फेरे मोजून कॉन्टॅक्ट तोडतो. यात वर आणि खाली दोन्ही सेट करता येतात, शिवाय अलीकडे स्लो स्पीडचा एक कॅम. पण हा स्विच हूक बघत नाही, ड्रमचे फेरे बघतो. दोर बदलला, दोराची लांबी थोडी बदलली, कपलिंगची पिन कातरली, तर त्याचा हिशेब चुकतो. दोर बदलल्यावर गिअर्ड लिमिट पुन्हा सेट केल्याशिवाय क्रेन प्रॉडक्शनला देऊ नये.

म्हणून दुसरा ग्रॅव्हिटी लिमिट. लिव्हरवर एका बाजूला वजन लटकवलेलं असतं आणि त्या वजनाने कॉन्टॅक्ट मिटलेला राहतो. हूक ब्लॉक वर येऊन ते वजन उचलतो, लिव्हरचा तोल दुसरीकडे जातो आणि कॉन्टॅक्ट तुटतो. वजनाची दोरी तुटून ते खाली पडलं तरी कॉन्टॅक्ट तुटतोच. ही रचना मला फार आवडते. हा लिमिट आम्ही 'अप' कॉइलमध्ये न घेता मेन कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये घेतला आहे. कारण सांगतो.

एका कारखान्यात शटडाऊनमध्ये सप्लायच्या केबलचा जॉइंट केला आणि दोन फेज अदलाबदल झाल्या. क्रेन चालू केली, 'डाऊन' दाबलं आणि हूक वर निघाला. गिअर्ड लिमिटने आपलं काम केलं, 'अप' कॉइलचा मार्ग तोडला. पण त्या वेळी ओढलेला कॉन्टॅक्टर होता 'डाऊन'चा! हूक थांबला तो ग्रॅव्हिटी लिमिटने मेन पाडला तेव्हा. कंट्रोलमधला दिशेचा लिमिट फेज बरोबर असतील असं गृहीत धरून चालतो. सप्लायला किंवा मोटरच्या टर्मिनलला हात लागला की पहिली गोष्ट दिशा तपासायची, तीही हूक मधल्या उंचीवर असताना.

—

वायरिंगवाला

@तिसरी_पाळी, फेजचा मुद्दा सोन्यासारखा आहे. त्याला जोडून आणखी एक. 'अप' कॉन्टॅक्टरचे मुख्य कॉन्टॅक्टच वेल्ड झाले तर लिमिटने कॉइल पाडूनही मोटर फिरतच राहते. इंचिंग (बटण थोडं थोडं दाबून हलवणं) फार असलेल्या क्रेनवर हे होतं. शेवटच्या लिमिटने वेगळा, वरचा कॉन्टॅक्टर पाडायचा तो यासाठीही.

—

आयटीआय_इलेक्ट्रिशियन

सर, वाचतोय, खूप शिकायला मिळालं. दोन शंका. लिमिट लागल्यावर 'अप' बंद होतं, पण 'डाऊन' चालतं, ते कसं? आणि मीटरच्या बझरवर एनसी तपासला, वाजला, म्हणजे कॉन्टॅक्ट चांगला असं धरायचं का?

—

वायरिंगवाला

पहिलं सोपं आहे. कंट्रोलची फेज इमर्जन्सीनंतर दोन वाटांनी जाते. एक वाट 'अप' बटण, 'डाऊन' कॉन्टॅक्टरचा एनसी, वरचा लिमिट, 'अप' कॉइल. दुसरी वाट 'डाऊन' बटण, 'अप' कॉन्टॅक्टरचा एनसी, खालचा लिमिट, 'डाऊन' कॉइल. वरचा लिमिट फक्त पहिल्या वाटेत आहे, म्हणून खाली यायला मोकळीक राहते. शेवटचा लिमिट मात्र मेन पाडतो, तेव्हा कुठल्याच दिशेला हालचाल नाही. मेंटेनन्सचा माणूस वर जाऊन कारण बघतो आणि मगच हूक खाली काढला जातो. हा त्रास हेतूने ठेवलेला आहे.

दुसरं: नाही, धरायचं नाही. बझर काही मीटरमध्ये ३०-४० ओहमपर्यंत वाजतो. समजा ११० व्होल्टची कंट्रोल लाइन आहे आणि कॉन्टॅक्टरची कॉइल ओढताना ७० व्हीए घेते. म्हणजे साधारण ०.६४ अँपिअर. काळ्या पडलेल्या कॉन्टॅक्टमध्ये २० ओहम रोध असेल तर तिथेच सुमारे १३ व्होल्ट गेले. कॉइल ८५ टक्क्यांपर्यंत म्हणजे ९३-९४ व्होल्टपर्यंत ओढेल अशी हमी असते. तुझ्याकडे उरले ९७. त्यात लांब केबल आणि पेंडंटच्या (क्रेनवरून लटकणाऱ्या बटणांच्या पेटीच्या) बटणांचा ड्रॉप आला की कॉन्टॅक्टर थरथरायला लागतो. आणि तुझा मीटर म्हणतोय सगळं ठीक! म्हणून सर्किट चालू असताना मिटलेल्या कॉन्टॅक्टच्या दोन टर्मिनलवर व्होल्टेज ड्रॉप मोज. चांगल्या कॉन्टॅक्टवर तो नगण्य असतो. लाइव्ह मोजमाप आहे, एकटा करू नकोस, वरिष्ठ शेजारी हवा.

—

चाकणची_एसपीएम

मी स्पेशल पर्पज मशीनचं इलेक्ट्रिकल डिझाइन करते. आमच्या काही मशीन युरोपात जातात, त्यामुळे गार्डच्या (मशीनच्या संरक्षक दाराच्या) स्विचकडे फार बारकाईने बघावं लागतं. वर्तुळातल्या बाणाबद्दल वर आलंय, त्यात एक अट राहिली. ती खूण असलेला ब्लॉक घेतला आणि डॉगने तो जेमतेम 'टक्' होईपर्यंतच दाबला, तर उघडणं स्प्रिंगनेच झालं. ढकलून तोडायची वेळ आलीच नाही. कॅटलॉगमध्ये प्रत्येक ब्लॉकचा प्रवासाचा तक्ता असतो, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, आणि त्यात जबरदस्तीने उघडण्यासाठी किमान किती मिलिमीटर किंवा किती अंश दाबावं लागतं तो बिंदू दिलेला असतो. डॉगची उंची त्या बिंदूच्या पुढे जाईल अशी ठेवायची, पण प्लंजर तळाला टेकेल इतकीही नाही. लिमिट हा मेकॅनिकल स्टॉपर नव्हे.

दुसरा मुद्दा दाबण्याच्या दिशेचा. दार बंद असताना स्विच दाबलेला आणि दार उघडलं की स्प्रिंगने प्लंजर बाहेर, ही मांडणी फार ठिकाणी दिसते. यात दार उघडल्यावर सिग्नल तुटणं संपूर्णपणे स्प्रिंगच्या हातात आहे. चिप्स अडकल्या, ऑइल गोंदासारखं झालं, तर प्लंजर आतच राहतो. शिवाय चिकटपट्टी लावून तो दाबून ठेवायला ऑपरेटरला दोन सेकंद लागतात. योग्य मांडणी उलटी: बिजागरीवर कॅम, दार बंद असताना स्विच मोकळा, दार उघडायला लागलं की कॅम प्लंजर आत ढकलतो आणि एनसी ढकलून तुटतो. जोखीम मोठी असेल तिथे आम्ही दोन्ही पद्धतींचा एकेक स्विच लावतो आणि दोन चॅनेल सेफ्टी रिलेला देतो. एकाच कारणाने दोन्ही एकदम फसत नाहीत. आयएसओ १४११९ मध्ये गार्डच्या इंटरलॉकचं सगळं तत्त्व आहे, डिझाइन करणाऱ्याने वाचावंच.

आणि रोलर लिव्हरबद्दल: लिव्हर शाफ्टवर नुसता स्क्रूने आवळलेला असेल तर तो घसरू शकतो. आतला ब्लॉक कितीही चांगला असला तरी घसरलेल्या लिव्हरपुढे त्याचा उपयोग शून्य. सेफ्टीसाठी दातेरी शाफ्टवर बसणारा लिव्हर मागवा.

—

ऊसपट्टा

डिस्टिलरी जोडलेल्या साखर कारखान्यात आहे. आमचा शत्रू ठिणगी नाही, हवा आहे. स्पेंटवॉशपासून (डिस्टिलरीच्या सांडपाण्यापासून) बायोगॅस करतो तिथे हायड्रोजन सल्फाइड असतो आणि चांदीचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. २३० व्होल्टच्या सर्किटवर ते थर फोडून चालून जातात. पण पीएलसीच्या २४ व्होल्टवर इनपुटला ५-७ मिलिअँपिअर करंट, तेवढ्याने थर तुटत नाही. स्विच यांत्रिकदृष्ट्या ठणठणीत, इनपुट मात्र कधी येतं, कधी जातं. रात्री दोन वाजता हा फॉल्ट शोधायचा म्हणजे काय ते ज्याने शोधलाय त्यालाच कळेल.

यावर उपाय सोन्याचा मुलामा दिलेले कॉन्टॅक्ट आणि नीट सील केलेली बॉडी. पण सोन्याचा कॉन्टॅक्ट एकदा २३० व्होल्टच्या कॉइलवर वापरला की मुलामा जळतो. तोच स्विच नंतर पीएलसीला लावून उपयोग नाही. आम्ही स्टोअरमध्ये दोन्हींचे डबेच वेगळे केले.

पाण्याचंही सांगतो. आयपी६७ चा (धूळ-पाणी आत न जाणारा) स्विच घेऊन ग्लँड सैल ठेवला तर पैसे वाया. ग्लँड शक्यतो खालच्या बाजूला, आणि स्विचमध्ये शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकतं, आत जात नाही. केन कॅरियरचे (ऊस वाहून नेणाऱ्या पट्ट्याचे) पुल-कॉर्ड (दोरी ओढून थांबवायचे) स्विच आम्ही याच पद्धतीने सगळे पुन्हा बसवले.

—

घरबसल्या_वाचक

तांत्रिक क्षेत्रातला नाही, पण धागा सोडवेना. हे स्विच आमच्यासारख्यांच्या रोजच्या वापरात कुठे असतात? लिफ्टमध्ये असतात का?

—

वायरिंगवाला

लिफ्टमध्ये तर पावलोपावली. प्रत्येक मजल्याच्या दाराच्या लॉकमध्ये एनसीच्याच तत्त्वावरचा कॉन्टॅक्ट असतो आणि ते सगळे एका माळेत सिरीजमध्ये. एक दार नीट लागलं नाही की पूर्ण लिफ्ट थांबते. लोक वैतागतात, पण तेच बरोबर आहे. शेवटच्या मजल्यापलीकडे फायनल लिमिट असतो. केबिन तिथवर गेलीच तर तो सेफ्टीची माळच तोडतो, मग वर-खाली दोन्ही बंद.

घरातलं सुंदर उदाहरण मायक्रोवेव्ह ओव्हन. दाराच्या खाचेत सहसा तीन मायक्रोस्विच असतात. दोन सप्लायच्या मार्गात, दार उघडलं की तोडणारे. तिसरा राखणदार. दार उघडूनही सप्लायच्या मार्गातला कॉन्टॅक्ट चिकटलेलाच राहिला, तर हा तिसरा सप्लाय मुद्दाम शॉर्ट करतो आणि फ्यूज उडतो. म्हणजे ओव्हन कायमचा बंद, पण उघड्या दारातून लहरी बाहेर नाहीत. "फ्यूज उडाला, बदलून टाक" असं मायक्रोवेव्हच्या बाबतीत म्हणून चालत नाही, दाराचे स्विच तपासावे लागतात. मात्र घरी उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा चार्ज राहू शकतो.

—

नट_बोल्ट

मेकॅनिकलवाल्यांकडून एक विनंती. डॉगचा चढ फार उभा ठेवू नका. ३० अंशांच्या आसपासचा उतार असला की रोलर अलगद चढतो. काटकोनात येऊन धडकणारा डॉग लिव्हर वाकवतो, मग इलेक्ट्रिकलवाले म्हणतात स्विच खराब. डॉग संपल्यावर रोलर एकदम सुटून मागे आपटणार नाही म्हणून उतरतीकडेही तसाच उतार द्या. लाँग ट्रॅव्हलला (पूर्ण क्रेन रुळांवरून जाते त्या चालीला) वेग जास्त असतो, तिथे डॉगची लांबी क्रेन थांबायला लागणाऱ्या अंतरापेक्षा जास्त हवी. नाहीतर क्रेन डॉगच्या पलीकडे जाते, लिमिट पुन्हा मोकळा होतो आणि ड्रायव्हरला पुढे जायची परवानगी मिळते.

स्पेअर मागवताना नुसता "रोलरवाला लिमिट" लिहू नका हेही सांगतो. ईएन ५००४१ च्या स्विचचे स्क्रू ३० बाय ६० मिलिमीटरवर असतात, ईएन ५००४७ चे २० बाय २२ वर. मानक लिहिलं की दुसऱ्या कंपनीचा स्विचही त्याच भोकांवर बसतो.

—

बिनस्पर्श

आता इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी (धातू जवळ आला की न शिवता ओळखणारे सेन्सर) इतक्या स्वस्त झाल्या आहेत. हलणारा भाग नाही, झीज नाही, कॉन्टॅक्ट बाउन्स नाही. मग हे लिव्हर-रोलर कशाला ठेवायचे?

—

चाकणची_एसपीएम

मोजण्याच्या, पोझिशन कळवण्याच्या कामाला प्रॉक्सिमिटी जरूर वापरा. आमच्या मशीनवर सिलेंडरच्या पोझिशन, इंडेक्सिंग, सगळं सेन्सरवरच आहे. मिनिटाला शंभर वेळा होणाऱ्या कामाला रोलर लावणं चूकच. पण साध्या प्रॉक्सिमिटीच्या आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर तो 'ऑन'च राहतो आणि त्याला बाहेरून ढकलून तोडणारं काहीच नाही. सेफ्टीसाठी बनवलेले, स्वतःला तपासणारे सेन्सर मिळतात, ते घेतले तर गोष्ट वेगळी. दहा रुपये वाचवायला साधा सेन्सर होइस्टच्या शेवटच्या लिमिटला लावणार असाल तर माझा स्पष्ट विरोध आहे.

—

तिसरी_पाळी

+१. फाउंड्रीत तर लोखंडाची भुकटी सेन्सरच्या तोंडावर चिकटते आणि तो टार्गेट नसतानाही पेटलेला राहतो.

—

आयटीआय_इलेक्ट्रिशियन

सर, धागा वाचून आज सिनियर दादांबरोबर आमच्या शॉपच्या क्रेनवर चढलो. ग्रॅव्हिटी लिमिटचा लिव्हर बाइंडिंग वायरने खाली ओढून बांधलेला सापडला. म्हणजे वजन उचललं तरी कॉन्टॅक्ट तुटणारच नाही. वायरवर धूळ बसली आहे, फार दिवसांची असावी. सुपरवायझर म्हणाले, वजन हेलकावे खातं आणि लिमिट मधेच पडतो, म्हणून बांधलंय. काय करावं?

—

वायरिंगवाला

आधी क्रेन थांबव. तुझ्या अधिकारात नसेल तर दादांना आजच लेखी कळवायला सांग, तोंडी नको. आयसोलेटरला (क्रेनचा सगळा सप्लाय तोडणाऱ्या स्विचला) लॉक आणि टॅग लागल्याशिवाय पुढचं काही करू नका.

वायर नुसती सोडून भागणार नाही, नाहीतर चार दिवसांत ती परत बांधली जाईल. वजन हेलकावे का खातं ते बघा. बहुधा वजनाचा गाइड सैल झालेला किंवा निघालेला असतो, किंवा वजनाची दोरी गरजेपेक्षा लांब असते आणि उंच जॉब उचलताना हूक ब्लॉक लवकर भिडतो. गाइड दुरुस्त करा, दोरीची लांबी ड्रॉइंगप्रमाणे करा. गिअर्ड लिमिट त्याच्या खाली तुटतोय याची खात्री करा. दोन्हींमध्ये अंतर नसेल तर दर वेळी शेवटचाच लिमिट पडणार आणि लोक पुन्हा वैतागणार.

मग टेस्ट. हूकवर लोड नाही, खाली कोणी नाही. आधी हूक मधल्या उंचीवर ठेवून दिशा तपासा, नंतर स्लो स्पीडने इंचिंग करत वर न्या. गिअर्ड लिमिटने हूक थांबला पाहिजे आणि 'डाऊन' चाललं पाहिजे. ग्रॅव्हिटीसाठी हूक खाली आणून क्रेन उभी करा, वर गेलेल्या माणसाने वजन हाताने उचलून धरावं आणि खाली पॅनेलवर मेन पडतो का ते दुसऱ्याने बघावं. त्या वेळी पेंडंट वर गेलेल्या माणसाच्या परवानगीशिवाय कोणी हातात घ्यायचा नाही.

—

तिसरी_पाळी

आमच्याकडे गिअर्ड लिमिट प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला ऑपरेटरच तपासतो, रिकाम्या हूकने, आणि क्रेनच्या वहीत सही करतो. ग्रॅव्हिटी महिन्याच्या शटडाऊनला मेंटेनन्स तपासतो. तुमच्या शॉपला अशी वही नसेल तर वायर सोडायच्या दिवशीच सुरू करा. पहिली नोंद त्या बांधलेल्या लिव्हरची.

—

आयटीआय_इलेक्ट्रिशियन

क्रेन बंद केली आहे, टॅग लावला. गाइडचा एक बोल्टच नव्हता. उद्या सकाळी फिटर येणार आहेत, टेस्ट झाली की इथे लिहितो.